सूज उतरल्यावर

मांजरी, पुणे
१४ जुलै २०२५

शालूवन्सं,

फोन तुम्ही उचलत नाही. आठ वर्षं उचललेला नाही, तेव्हा आता उचलाल अशी आशा मी धरलेली नाही. दूरध्वनी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. समोरचा घरात नाही आणि समोरचा घरात असून उचलत नाही, यातला फरक मला कळतो. म्हणून पत्र, आणि तेही पोचपावतीसह. मिळालं नाही असं म्हणायची सोय राहू नये.

तुमचे दादा आजारी आहेत. जिवंत आहेत, घाबरू नका. किंवा निराश होऊ नका, जे लागू पडेल ते.

डिसेंबरपासून यांचा डावा हात उडायला लागला. हात उडतो त्याच क्षणी तोंडाची डावी बाजू आवळते, दोन सेकंद, की संपलं. दिवसातून पन्नास-साठ वेळा. सोसायटीच्या सत्यनारायणात आचमनाला बसले, तर डाव्या हातातली पळी थेट गुरुजींच्या चष्म्यावर. लोक हसले. मला वाटलं, निवृत्त माणसाचे चाळे. आमच्या शाळेत सिस्टर अगाथा होत्या. वर्गात ज्या मुलीचा हात वळवळेल, तिला त्या हातावर तासभर बसायला लावायच्या. मी यांना जेवताना डाव्या हातावर बसायला सांगितलं. बसले. हात मांडीखाली आणि तोंड वर एकटंच उडतंय.

मग इथल्या डॉक्टरने रक्त तपासलं. रक्तातलं मीठ कमी. झालं! सगळ्या सोसायटीला गुन्हेगार सापडला. यांच्या बीपीसाठी मी वर्षभर अळणी रांधत होते ना. "काकू, तुमच्या अळणी आमटीने काकांना हे झालं," असं तो कालचा पोरगा मला माझ्याच तोंडावर म्हणाला. ठीक. घ्या मीठ. तीन महिने मी यांना असं मीठ खायला घातलं की कोळणीनेसुद्धा तोंड फिरवलं असतं. यांनी एकदाही तक्रार केली नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं, की हा माणूस ठीक नाही.

एप्रिलमध्ये फाटकाशी फिट येऊन पडले. मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे डॉ. दिग्विजय म्हणून मेंदूचे डॉक्टर आहेत, वय पस्तीस, केस विंचरत नाहीत, पण यांच्या खाटेशी पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि ओळखलं. म्हणाले, "काकू, स्वयंपाकघराचा काही संबंध नाही. शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी जी द्रव्यं असतात, ती काकांच्या स्वतःच्या मेंदूवर उलटली आहेत. मेंदूला सूज आलीय. ही सूजच रक्तातलं मीठ उतरवते, हीच हात उडवते, आणि आठवणी जिथे राहतात तिथे ही सगळ्यात जास्त बसते." फिटच्या गोळ्यांनी फिट दबते, सूज तशीच राहते, म्हणून शिरेतून पाच दिवस स्टेरॉइड दिलं. चौथ्या दिवशी हात गप्प. पाच महिन्यांचा तमाशा, चार दिवसांत गप्प.

हात थांबला. डोकं मात्र परत आलेलं नाही. सकाळचं दुपारी आठवत नाही, आणि मागची आठ-नऊ वर्षं पार धुऊन गेली आहेत. यांच्या मते हे अजून ऊस संशोधन केंद्रात नोकरीला आहेत आणि समोर अजून उसाचं रान आहे. खिडकीतून बारा मजली इमारती दिसल्या की रोज दचकतात.

आणि यांना तुमच्याशी झालेलं भांडण आठवत नाही. उंबऱ्यावरून तुम्हाला परत पाठवलं ते यांनी, "पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस" म्हणाले ते यांनी. आता हे धुतल्या तांदळासारखे बसलेत आणि रोज मलाच विचारतात, "शालूचा फोन का येत नाही गं? तू काही बोललीस का तिला?"

मी काही बोललेले नाही. एवढं कळवावं म्हणून लिहिलं.

मुक्ता

मांजरी
२९ जुलै २०२५

शालूवन्सं,

पोचपावती आली. सही तुमचीच. उत्तर नाही. छान.

हे भाग्यश्रीला विचारतात. तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि इथे मी सोडून कुणी नाही. यांच्या हिशेबी तुमची मुलगी अजून आमच्याकडे राहून कॉलेजात जाते. सकाळी विचारतात, "भाग्यश्रीचा डबा भरलास का?" संध्याकाळी विचारतात, "अजून कशी आली नाही?"

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. म्हटलं, "अहो, भाग्यश्री गेली. आठ वर्षं झाली." म्हणाले, "कशाने?" म्हटलं, "तापाने." हा माणूस जमिनीवर बसून रडला, वन्सं. सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं, लहान मुलासारखं. मग जेवला, झोपला, आणि सकाळी उठून म्हणाला, "भाग्यश्रीचा डबा?"

मी पुन्हा सांगितलं. एकूण चार दिवस, चार वेळा. चारही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडला. पाचव्या दिवशी मी म्हटलं, भरला डबा. दया आली म्हणून नव्हे. मला दुपारी झोप लागेना म्हणून.

डॉ. दिग्विजयने विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असा काही आजार? मी म्हटलं, नाही. घराण्यातून येणारा हा आजार नाहीच, उगाच विचारतात. मग तो आपण होऊन बोलत बसला, तरुण डॉक्टरांना श्रोता लागतो. म्हणाला, "तरुण मुलींत याचा दुसरा प्रकार दिसतो, काकू. आधी झोप उडते. चांगल्या घरची मुलगी एकदम घाण घाण शिव्या द्यायला लागते, कारण नसताना हसते, ओठ चावत राहते, मग हातपाय ताठ होतात. घरचे म्हणतात नाटक करते. वेळेत सूज उतरवली तर तीच मुलगी पुन्हा कॉलेजात जाते. उशीर झाला तर सांगता येत नाही."

मी म्हटलं, "हो का."

त्यानंतर त्याने मला विचारलं, चहा घेणार का. मी घेतला. तुम्हाला काय अपेक्षा होती, मी तिथे छाती पिटून घ्यायला हवी होती?

मुक्ता

मांजरी
१२ ऑगस्ट २०२५

शालूवन्सं,

यांचा हात पुन्हा उडायला लागला आहे. स्टेरॉइड कमी केलं तशी सूज परत आली. डॉक्टर म्हणतात, आता दुसरं औषध, जे ती उलटलेली द्रव्यं बनणंच थांबवतं. शिरेतून द्यायचं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, मग दर सहा महिन्यांनी. आत्ता दिलं तर डोकं बरंचसं परत येईल. महिना-दोन महिने गेले तर मेंदूचा तो भाग सुकतो, आणि सुकलेलं परत येत नाही.

आणि हे घेत नाहीत.

दोनदा नेलं. यांना आपला आजारच आठवत नाही, तर औषध कशाला घेतील? जन्मभर रसायनं हाताळलेला माणूस. बाटलीवरची चिठ्ठी मागतात, वाचतात, पुन्हा मागतात, मग सुई उपटून काढतात. गेल्या गुरुवारी सगळ्या परिचारिकांसमोर मला म्हणाले, "तू मला वेडा ठरवायला निघालीस, मुक्ता. शालूला बोलाव. शालू सांगेल तर घेतो. शालू माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही."

शालू. एकेचाळीस वर्षं यांचं जेवणखाण, पथ्यपाणी, मोजे कुणी पाहिले? पण विश्वास कुणावर, तर शालूवर.

तेव्हा तुम्ही यायला हवं. मला "कृपया" म्हणायला शाळेत फार चांगलं शिकवलं होतं. ते तुमच्यापुढे तोंडातून निघत नाही, ते आहे असं धरून चाला.

तुम्ही का येणार नाही हे मला ठाऊक आहे. आठ वर्षांपूर्वी उंबऱ्यावर उभं राहून तुम्ही जे ओरडत होता, त्याला मी खोटं म्हटलं, आणि यांनी माझ्या शब्दावर तुम्हाला परत पाठवलं. ते खोटं नव्हतं. झालं समाधान? ज्या गोष्टी तुम्हाला माहीतच आहेत, त्या लिहायला मला लाज कसली.

ती आठ दिवस झोपली नव्हती. रात्रभर खोलीत बडबड, दिवसा ओठ चावून रक्त. जेवणाच्या टेबलावर हात ताठ करून बसायची. आणि मग तिने मला, माझ्या घरात, माझ्या हातचं खाता खाता जो शब्द वापरला, तो मी तोवर फक्त बंद पडलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरांकडून ऐकला होता. आणि हसली. मी तिचं तोंड कपड्यांच्या साबणाने धुतलं. माझं स्वतःचं सिस्टरांनी दोनदा धुतलं होतं, मी काही मेले नाही.

हे तेव्हा कोल्हापूरला दौऱ्यावर होते. मी सकाळी तिला रिक्षात घालून स्टँडवर नेलं आणि वाशीमच्या गाडीत बसवलं. एकटीला. कंडक्टरला म्हटलं, मुलगी जरा नाटकी आहे, लक्ष देऊ नका. त्याने दिलं नाही. नगरच्या पुढे तिला पहिली मोठी फिट आली, तरी त्याला वाटलं नाटकच आहे. हे तुम्हीच मला सांगितलंत, उंबऱ्यावरून.

यांना मी सांगितलं, हट्ट करून आपण होऊन गेली. यांनी मानलं. हे माझं सगळं मानायचे.

घ्या, कागद दिला तुमच्या हातात. आता या.

मुक्ता

मांजरी
६ सप्टेंबर २०२५

शालूवन्सं,

"येते. शालू." एवढंच पोस्टकार्ड. शाई तरी वाचली.

तुम्ही आलात, दोन्ही वेळा यांना औषध घ्यायला लावलंत, त्याबद्दल आभार मानणं माझं कर्तव्य आहे आणि ते मी मानते. पंधरा दिवस खराडीला शुभंकरकडे उतरलात, माझ्याकडे नाही, तेही समजण्यासारखं. लेकाचं घर आहे. पण माझ्या घरी दोन तास बसून आपल्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी पिणं? माझ्या घरी पाणी चांगलं येतं, वन्सं.

रुग्णालयातलं मला मात्र विसरता येत नाही. तुम्हाला बघून यांचं तोंड कसं उजळलं. "शालू! केव्हा आलीस? जाड झालीस गं."

"तू तरी कुठे बारीक आहेस, दादा? तोंड बघ आरशात, नुसता भोपळा."

"ही मला काहीतरी टोचायला बघतेय."

"टोचू दे. मी बसलेय ना इथे."

आणि हात पुढे केला. दोन दिवस चार माणसांनी धरून जो हात वाकवता आला नाही, तो. सुई गेल्यावर म्हणाले, "भाग्यश्री नाही आणलीस?" मी खिडकीबाहेर बघत होते. तुम्ही म्हणालात, "अभ्यास आहे तिला, दादा." आवाज जरासुद्धा हलला नाही. खोटं न बोलणारी बहीण!

नंतर पायऱ्यांवर तुम्ही मला गाठलंत. तुम्ही काय बोललात ते मी इथे लिहून ठेवते, पुढे शब्दांवरून वाद नको.

"वहिनी, तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये आहे. मी त्याला वाचून दाखवू शकते. नाही दाखवणार. त्याच्या लक्षात राहायला लागलं की तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सहा महिन्यांनी पुन्हा सुई आहे ना? मी येणार नाही."

"तुमचा सख्खा भाऊ आहे तो."

"भाग्यश्री माझी सख्खी मुलगी होती."

रिक्षात बसून गेलात. मी घरी येऊन यांच्यासाठी दुधी केला. म्हणजे आता असं आहे: औषध लागू पडलं, तर मला सांगावं लागणार. नाही लागू पडलं, तर सांगायची गरज नाही. रोज सकाळी मी हे किती बरे झालेत ते बघते, आणि मला काय वाटावं हे तुम्ही ठरवून ठेवलंत. हे तुम्हाला सुचलं कसं याचं मला कौतुक आहे. तुमच्या माहेरी कुणी एवढं हुशार नव्हतं, असं मला वाटायचं.

मुक्ता

मांजरी
२५ सप्टेंबर २०२५, संध्याकाळ

शालूवन्सं,

तुमची अट पूर्ण झाली.

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, चहाच्या आधी, मी यांना सगळं सांगितलं. शिवी, साबण, रिक्षा, गाडी, कंडक्टर. "आपण होऊन गेली" हे खोटं होतं, तेही. यांच्यासमोर ताठ बसून, स्पष्ट आवाजात, शाळेत धडा म्हणून दाखवायचो तसं.

हे रडले नाहीत. विचारलं, "साबण कुठला?"

म्हटलं, "कपड्यांचा. वडीचा."

म्हणाले, "त्यात कॉस्टिक असतं, मुक्ता. तिचे ओठ फुटलेले होते म्हणतेस."

उठून खोलीत गेले, दार लावलं. अर्ध्या तासाने बाहेर आले ते चहा मागतच. मी चहा दिला. घेताना म्हणाले, "भाग्यश्रीसाठी ठेवलास का?"

तुम्ही म्हणाला होता, लक्षात राहायला लागलं की सांगा. कुणाच्या काय लक्षात राहतं हे ठरवणारी मी कोण? मी डॉक्टर नाही. काल यांना दुधवाल्याचं नाव आठवलं. मला ते पुरेसं वाटलं. माझ्या तोंडाने सांगायचं होतं, सांगितलं. फेब्रुवारीत यायचं.

तुम्ही शब्दांनी बांधता, वन्सं, तर शब्द नीट निवडायला शिका.

मुक्ता

मांजरी
८ नोव्हेंबर २०२५

शालूवन्सं,

मागच्या पत्राची पोच आली, उत्तर नाही. मी मागितलेलंही नव्हतं. आज लिहिते आहे, कारण यापुढे तुम्हाला इतर कुणाकडून कळण्याऐवजी माझ्याकडून कळलेलं बरं.

तो अर्धा तास हे खोलीत लिहीत होते.

दुसऱ्या सुईनंतर रुग्णालयातल्या बाईंनी यांना एक वही दिली होती. दिवसभरात जे घडेल ते लिहायचं, सकाळी उठल्यावर आदल्या दिवसाचं वाचायचं, म्हणजे डोक्याला वळण लागतं. मी कधी उघडली नाही. त्यात काय असणार, आज पोहे खाल्ले. यांनी मात्र ती प्रयोगशाळेच्या नोंदवहीसारखी चालवली. पस्तीस वर्षांची सवय. प्रत्येक पानाला आधीच आकडा. शाईने लिहायचं. खोडायचं नाही, फाडायचं नाही. चुकलं तर एक रेघ आणि बाजूला सही. कुणीही सांगितलेली गोष्ट पडताळल्याशिवाय खरी धरायची नाही. आणि सकाळी आदल्या दिवसावर न थांबता पहिल्या पानापासून वाचायचं.

सव्वीस तारखेला सकाळी साडेसातला मी चहा घेऊन गेले, तर वही मांडीवर उघडी. मला म्हणाले, "मुक्ता, हे माझं अक्षर आहे. तू भाग्यश्रीला एकटीला गाडीत बसवलंस?"

मी काय म्हणणार? म्हटलं, "हो."

समासात लिहिलं, "पडताळले," तारीख, सही. आणि रडले. दुपारी विसरले.

सत्तावीसला सकाळी साडेसातला: "मुक्ता, हे माझं अक्षर आहे..."

तेराव्या दिवशी हे अंघोळीला गेले असताना मी ते पान फाडलं. अर्धं पान होतं, एकवीस नंबरचं. बाहेर येऊन चाळलं, वीसनंतर बावीस. लिहिलं, "पान २१ गहाळ. मुक्ताला विचारणे." विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणाले, "घरात दोघंच आहोत." त्या दिवशी मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, दिग्विजय तरुण मुलींबद्दल जे बोलला तेही, आणि यांनी एकेक प्रश्न विचारत पाच पानं लिहून घेतलं. रिक्षात ती काही बोलली का? बोलली होती. "काकी, मामाला फोन लाव," म्हणाली होती. नेहमी मामीच म्हणायची, पण त्या दिवशी तिला मी कोण हेसुद्धा नीट कळत नव्हतं. मी लावला नाही. हे मी तुम्हालाही लिहिलं नव्हतं. आता पान छत्तीसवर आहे.

त्यानंतर रोज सकाळी पाच पानं. मी चहा घेऊन दारात उभी राहते, आणि एकेचाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस पानं उलटत जातो आणि शेवटच्या पानावर माझ्याकडे मान वर करतो. रोज पहिल्यांदाच. मी चहा पाठवून द्यावा, तर कुणाबरोबर?

एकोणचाळीस सह्या झाल्या. चाळिसाव्या सकाळी वही उघडलीच नाही. मला वाटलं, सुटले. चहाचा कप पुढे केला, तर घेतला नाही. म्हणाले, "ठेव तिथे." तेव्हा मला कळलं की औषध लागू पडलं आहे.

परवा, गुरुवारी, तपासणी होती. रक्तातलं मीठ ठीक, हात महिनाभर एकदाही उडलेला नाही, मेंदूच्या स्कॅनमध्ये सूज दिसत नाही. दिग्विजय खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "काका, वही बंद. गेल्या दोन महिन्यांतली कुठलीही एक गोष्ट सांगा. आठवेल ती."

यांनी वही मिटून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. एरवी असलं काही माझ्या हातात देतात.

"माझी एक भाची होती, भाग्यश्री. तिला हाच आजार होता, दुसऱ्या प्रकारचा. हिने तिचं तोंड साबणाने धुतलं आणि एकटीला वाशीमच्या गाडीत बसवलं. मी दौऱ्यावर होतो. नंतर माझी बहीण दारात आली, तिला मी घालवून दिलं. ते मला आठवत नाही, पण मी घालवून दिलं."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पंचवीस सप्टेंबर. दुपारी चार वाजून दहा मिनिटं."

दिग्विजय माझ्याकडे वळला. त्याच्या हातात गुण मांडायचा कागद होता. "काकू, तारीख बरोबर आहे?"

"आहे."

"वेळ?"

"वेळही."

त्याने दोन ठिकाणी बरोबरची खूण केली. पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "नवी आठवण टिकायला लागली. एकदा टिकली की सहसा जात नाही." त्याने अभिनंदन म्हणायला हवं होतं, पण ते म्हटलं नाही. आमच्या शाळेत असता तर मी त्याला विंचरायला लावलं असतं.

पुढची सुई १९ फेब्रुवारीला, गुरुवारी, सकाळी नऊ वाजता. यांनी संमतीचा कागद स्वतः वाचला, स्वतः भरला, कुणाला हात धरावा लागला नाही. "सोबत येणारी व्यक्ती" असा एक रकाना असतो. मी चष्मा लावून सही करायला पुढे झाले, तर यांनी कागद आपल्याकडे ओढून त्यात तुमचं नाव घातलं. आणि "नातं" लिहायच्या जागी लिहिलं, "बहीण". मग मला म्हणाले, "तू घरीच थांब."

उशीर करू नका. यांना नऊ म्हणजे नऊ लागतात.

मुक्ता